गाडीतील सबवूफरसाठी बॉक्स निवडताना: सीलबंद, पोर्टेड की सीटखालचा?

गाडीत सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर (बास) वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचे ठरले की बहुतेकांची चौकशी स्पीकरचा ब्रँड आणि वेष्टनावर छापलेले वॅट यांभोवतीच फिरते, आणि तो ज्या बॉक्समध्ये बसणार तो मात्र दुकानात तयार असेल तो घेतला जातो. वास्तविक तोच १२ इंची वूफर सीलबंद बॉक्समध्ये एक आवाज देतो आणि पोर्टेड बॉक्समध्ये दुसराच. हा फरक दोन चांगल्या ब्रँडमधील फरकापेक्षा सहसा मोठा असतो.

सीलबंद बॉक्समध्ये कोंडलेली हवा वूफरच्या कोनला (पुढे-मागे हलणाऱ्या शंकूला) मागून आधार देते, त्यामुळे कोन हलतो तसा लगेच सावरतोही आणि ठोका सुटा ऐकू येतो. डग्ग्यावरची मींड किंवा ढोलाच्या थापेनंतरची क्षणभराची शांतता जपायची असेल, तर हाच बॉक्स योग्य आहे. याची कमतरता अशी की एका मर्यादेखाली आवाज दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने घटत जातो. दिवाणखान्यात ही घट जाणवते. गाडीत मात्र ती बरीचशी भरून निघते, कारण बंद केबिनमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी केबिनच्या लांबीपेक्षा जास्त असते, त्याचा दाब आपोआप वाढतो. अडीच मीटर लांबीच्या केबिनमध्ये ही वाढ साधारण ७० हर्ट्झच्या खाली सुरू होते आणि तत्त्वतः तीही दर सप्तकाला १२ डेसिबलचीच असते. काचा, पत्रा आणि दारांच्या फटी यांमुळे प्रत्यक्षात ती कमी भरते, तरीही छोट्या हॅचबॅकमध्ये साधा सीलबंद बॉक्स अपेक्षेपेक्षा खोल का वाजतो, याचे कारण हेच आहे.

पोर्टेड बॉक्सचे गणित वेगळे आहे. कोनच्या मागच्या बाजूचा आवाज येथे वाया जात नाही. तो पोर्टमधून, म्हणजे बॉक्सला ठेवलेल्या उघड्या नळीतून, बाहेर येतो आणि ज्या कंपनसंख्येला बॉक्स ट्यून केला आहे तिच्या आसपास सुमारे ३ डेसिबलची भर घालतो. ३ डेसिबल म्हणजे अँप्लिफायरची शक्ती दुप्पट करण्याइतका लाभ, म्हणून कमी वॅटच्या अँपवर दणका हवा असणाऱ्यांनी याच पर्यायाकडे वळणे साहजिक आहे. दुकानातील डेमोला सहसा लांबत जाणाऱ्या बासचे गाणे लावलेले असते आणि त्यात पोर्टेड बॉक्स जिंकतोच. तबला किंवा ढोलकी लावायला सांगितली की सामना बरोबरीत येतो. शिवाय ट्यूनिंगच्या खाली आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो आणि कोनला हवेचा आधार उरत नाही, त्यामुळे अँपमध्ये सबसॉनिक फिल्टर (अतिखालचे स्वर वूफरपर्यंत पोहोचू न देणारी सोय) नसेल तर वूफर निकामी होण्याची शक्यता वाढते.

गाडीसाठी ट्यूनिंग बहुधा ३२ ते ३८ हर्ट्झ ठेवतात, आणि नेमके येथेच तयार बॉक्स फसवतात. ४५ लिटरचा बॉक्स १० सेंटीमीटर व्यासाच्या एका गोल पोर्टने ३५ हर्ट्झला ट्यून करायचा असेल, तर पोर्टची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर लागते. बॉक्स ३० लिटरचा केला तर तीच लांबी ५७ सेंटीमीटरच्या घरात जाते. बाजारातील बऱ्याच लहान बॉक्सना मात्र वीतभरही नसलेली नळी लावलेली असते, त्यामुळे त्यांचे ट्यूनिंग ५० हर्ट्झच्या वर सरकते आणि एकाच स्वराची घुमघुम कानावर आदळत राहते. कोणताही १२ इंची वूफर यात चालेल असे विक्रेता सांगत असेल, तर तो बॉक्स घेऊ नये.

वूफर कोणत्या बॉक्ससाठी घडवला आहे याचा ढोबळ अंदाज माहितीपत्रकावरून बांधता येतो. त्यातील एफएस (Fs, वूफरची स्वतःची कंपनसंख्या) या आकड्याला क्यूईएसने (Qes, कोनच्या हालचालीवरील विद्युत नियंत्रणाचा आकडा) भागावे: उत्तर ५० च्या आसपास किंवा कमी आले तर सीलबंद, १०० च्या जवळ किंवा वर गेले तर पोर्टेड, आणि मध्ये आले तर दोन्ही चालतात.

जागेचा हिशेब अनेकदा उरलेला वाद मिटवतो. १२ इंची वूफरला सीलबंद बॉक्समध्ये साधारण ३० लिटर निव्वळ जागा पुरते. लाकडाची जाडी आणि वूफरचे आकारमान धरून तो डिकीतील सुमारे ४५ लिटर व्यापतो. त्याच वूफरच्या ५५ लिटरच्या पोर्टेड बॉक्सचे बाहेरचे आकारमान ८० लिटरपर्यंत जाते. स्विफ्टसारख्या गाडीच्या सुमारे २६५ लिटरच्या डिकीत पहिला सहाव्या हिश्श्याने भागवतो, तर दुसरा जवळजवळ तिसरा हिस्सा घेतो आणि दिवाळीत गावी निघताना घरात वाद लावतो. कुटुंबाच्या हॅचबॅकसाठी म्हणूनच मी सीलबंद बॉक्सच सुचवेन, आणि १२ ऐवजी १० इंची वूफर घेतला तरी बिघडत नाही.

सेडानमध्ये परिस्थिती बदलते. तेथे डिकी आणि केबिन यांच्यामध्ये मागची सीट आणि तिच्यामागचा पत्रा येतो, बास अडतो, आणि पोर्टेड बॉक्सचे अधिकचे डेसिबल खरोखर कामी येतात. वूफरचे तोंड मागे, म्हणजे डिकीच्या दाराकडे, ठेवल्यास बहुतेक सेडानमध्ये आवाज सुधारतो. पक्के स्क्रू मारण्यापूर्वी दोन्ही दिशांनी ऐकून पाहावे.

बँडपास बॉक्समध्ये वूफर आतल्या पडद्यावर असतो आणि आवाज फक्त पोर्टमधून बाहेर पडतो. ठरावीक पट्ट्यात तो जोरकस वाजतो, पण आकडेमोडीतील चूक मुळीच सहन करत नाही. स्पर्धेसाठी गाडी सजवणारे सोडल्यास इतरांनी त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर निवड जवळजवळ झालेलीच असते. पुढच्या सीटखाली बसणारा, अँप अंगभूत असलेला ८ इंची पातळ सबवूफर डिकीला हात लावत नाही. ३५ हर्ट्झचा गडगडाट त्याच्याकडून मिळणार नाही, पण दारातील स्पीकरना जे खालचे स्वर झेपत नाहीत ते तो नीट सांभाळतो. घेण्यापूर्वी सीट सर्वांत खाली आणून तिच्याखालची उंची मोजावी. काही गाड्यांत तेथे एसीची नळी असते, काही माइल्ड हायब्रीड गाड्यांत बॅटरी.

बॉक्स सुताराकडून करून घेणार असाल, तर १८ मिलीमीटरचे एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा) हा रूढ पर्याय आहे, परंतु कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातील दमट हवेने उघड्या कडा फुगतात. तेथे थोडे अधिक पैसे मोजून मरीन प्लायवूड वापरावे, जे वजनालाही हलके असते. आतील सांध्यांना सिलिकॉन भरल्यावर आणि वूफर बसवल्यावर सीलबंद बॉक्सची परीक्षा सोपी आहे: कोन तळव्याने हलकेच, सगळीकडून सारखा दाबून सोडावा. तो संथपणे जागेवर आला तर सांधे बंद आहेत. चटकन उसळला किंवा कडेने फुसफुस ऐकू आली, तर पैसे देण्यापूर्वी तो सांधा सुताराकडून पुन्हा भरून घ्यावा.