पंधराशे तेच, मग कुठले घ्यावेत? संजय गांधी की लाडकी बहीण

संजय गांधी निराधार योजना आणि लाडकी बहीण, दोन्हीकडे महिन्याला १,५०० रुपयेच मिळतात. त्यामुळे बहुतेक घरांत यावर डोकं कुणी चालवत नाही. जे आधी सुरू झालं ते चालू द्यायचं. पण घरात साठी ओलांडलेली, नवरा गेलेली किंवा नवऱ्याने टाकलेली बाई असेल तर हा विचार आत्ताच करावा लागतो. रक्कम सारखी असली तरी दोन्ही योजना संपतात वेगवेगळ्या ठिकाणी. आमच्या घरी आत्यासाठी संजय गांधी निवडली. सगळ्यांनी तेच करावं असं नाही, आणि कुणी करू नये तेही पुढे येईलच.

आधी कुणाला हा प्रश्नच नाही ते सांगतो. लाडकी बहीणचे नवे अर्ज ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहेत. नाव यादीत नसेल तर निवडायचं काही उरत नाही, सरळ तहसीलची वाट धरा. वय पासष्टच्या पुढे असेल तर श्रावणबाळ, म्हणजे म्हातारपणाची सरकारी पेन्शन. बाई दिव्यांग असेल तरी विचार नको. दिव्यांगांसाठी संजय गांधीची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली आहे आणि उत्पन्नाची मर्यादाही त्यांना २१,००० ऐवजी ५०,००० आहे. उरतात त्या साठ ते पासष्टमधल्या, ज्यांचे लाडकी बहीणचे पैसे चालू आहेत आणि ज्या निराधार या व्याख्येतही बसतात. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही, अशी अटच आहे.

सोय पाहिली तर लाडकी बहीण उजवी, यात वाद नाही. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागत नाहीत. तलाठी नाही, समिती नाही, विचारायचं तर गावातली अंगणवाडी आहे. ई-केवायसीत (ऑनलाइन ओळख पडताळणीत) विधवांची अडचण झाली, कारण तिथे पतीचा किंवा वडिलांचा आधार मागितला होता. तरी मृत्यू दाखला देऊन तीही वाट निघाली. चाळिशीतल्या बाईला मी चालू आहे ते हलवू नका असंच सांगेन.

संजय गांधीत मात्र पहिला दगड उंबऱ्यातच आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०. द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या बाईला रोज तीनशे धरले तर सत्तर दिवसांत ही मर्यादा भरते. खुद्द योजनेचेच वर्षाला १८,००० होतात! ही रेघ कधीची आणि महागाई कुठली, हे बोलण्यात अर्थ नाही. कागदावर रेघ आहे आणि दाखला तिच्या आतलाच लागतो.

अडतं ते बहुधा रेशनकार्डावर. मुलाचं आणि आईचं कार्ड एकत्र असेल तर मुलाची कमाई कुटुंबाची म्हणून मोजली जाते आणि दाखला साठ-सत्तर हजारांचा येतो. चूल खरोखर वेगळी असेल तर आधी कार्ड वेगळं करून घ्या, मग उत्पन्नाचा दाखला काढा. उलट्या क्रमाने गेलात तर दोनदा खर्च आणि दोनदा हेलपाटा. एक जपा: घरात अंत्योदयाचं कार्ड असेल तर त्यावरचं ३५ किलो धान्य माणशी नसून कार्डामागे असतं. कार्ड फोडताना ते कुणाकडे राहणार हे पुरवठा शाखेत विचारून मगच सही करा. पेन्शनच्या नादात धान्य गेलेली घरं आहेत.

दुसरी अट महाराष्ट्रात १५ वर्षांच्या रहिवासाची. सांगली जिल्ह्यात मिरज, पलूसकडे ती सहसा नडत नाही. पण विटा, आटपाडी, कडेगाव, तासगाव या पट्ट्यात गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची घरं आहेत. वीस-पंचवीस वर्षं तामिळनाडूत नाहीतर केरळात दुकान चालवलं, नवरा तिकडेच वारला, बाई गावी परतली. तिच्या आधारवर पत्ता तिकडचा, मतदार यादीत नाव नुकतं चढलेलं. अशा बाईचा अर्ज रहिवासावरच परत येतो. गावचा जुना रेशनकार्डाचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे गावच्या शाळेतले दाखले, जे असेल ते जोडा आणि आधारचा पत्ता आधी बदलून घ्या. हे जमण्यासारखं नसेल तर लाडकी बहीण चालू ठेवलेली बरी. तिथे इतकं मागं जाऊन कुणी पाहत नाही.

तिसरी गोष्ट, वेळ. अर्ज सेतूत भरला की तलाठ्याची चौकशी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात अजून तलाठीच), मग संजय गांधी शाखा, मग तालुका समितीची बैठक. समिती नेमलेली असेल आणि बैठक लागली तर काही महिन्यांत होतं. नाहीतर फाईल पडून राहते, आणि तेवढ्यात उत्पन्नाचा दाखला जुना होतो. म्हणून फेब्रुवारीत दाखला काढून अर्ज करू नका. ३१ मार्च उलटला की त्रुटी निघते. एप्रिल-मेमध्ये ताज्या दाखल्यावर अर्ज केला तर हातात जवळजवळ वर्ष राहतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, एवढं सगळं असताना तहसीलची पायरी चढायचीच कशाला? त्याचं कारण जन्मतारीख.

लाडकी बहीण पासष्टला थांबते. हे वय आधारवरून धरतात. आणि आपल्याकडच्या साठीतल्या बायकांचं आधारवरचं वय हा एक अंदाज आहे. आधार काढताना दाखला नव्हता, ऑपरेटरने विचारलं, सोबत आलेल्या सुनेने किंवा शेजारणीने अंदाजे साल सांगितलं, तारीख पडली १ जानेवारी. गावातल्या दहा म्हाताऱ्यांची कार्डं घेऊन बसा, निम्म्यांचा वाढदिवस एकाच दिवशी निघेल. तेव्हा कुणाला फरक पडत नव्हता. आता पडतो.

समजा आधारवर १ जानेवारी १९६१ आहे आणि शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यावर जून १९६३. आधारप्रमाणे ती १ जानेवारी २०२६ ला पासष्टची झाली, लाडकी बहीण बंद. ती श्रावणबाळचा अर्ज घेऊन तहसीलला जाते. श्रावणबाळला वय ६५ पूर्ण लागतं आणि वयाच्या पुराव्याला तिने शाळेचा उतारा जोडलेला असतो, कारण सेतूवाल्याने तोच मागितला. उताऱ्यावर वय साडेबासष्ट. अर्ज परत. संजय गांधीचा भरायला जावं तर आधार पाहून सांगतात, तुमची पासष्ट झाली, श्रावणबाळला जा. दोन खिडक्या, दोन वयं, आणि बाई मधल्या फटीत. कागद नीट लागले नाहीत तर जून २०२८ पर्यंत, म्हणजे २९ महिने, ४३,५०० रुपये. ही रक्कम एकट्या बाईच्या घरात किती असते ते सांगायला नको.

हे अपवादाने होतं असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अपात्र ठरलेल्या महिलांचे जे आकडे सरकारने दिले त्यांत १ लाख १० हजार नावं केवळ वय पासष्टच्या पुढे गेल्याने वगळलेली होती. त्याच यादीत २ लाख ३० हजार संजय गांधीच्या लाभार्थी होत्या. त्यांचे पंधराशे निदान तहसीलकडून चालू होते. पासष्टवाल्यांना नवा अर्ज करावा लागणार होता, तोही शून्यापासून.

संजय गांधीत पासष्ट झाली तर काय होतं? त्याच शाखेत, त्याच टेबलावर श्रावणबाळचं काम चालतं. फाईल तिथेच असते. रहिवास, उत्पन्न, निराधार असल्याची चौकशी, सगळं एकदा झालेलं असतं. नाव श्रावणबाळला वर्ग करून घ्यायला एक साधा अर्ज आणि वयाचा पुरावा पुरतो. आम्ही पाहिलेल्या प्रकरणांत पैसे एखाददुसरा महिना पुढे-मागे झाले, बंद पडले नाहीत. ते आपोआप होईल यावर मात्र विसंबू नका. वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधी अर्ज देऊन पोच घ्या.

उलटही असतं. आधारवर वय प्रत्यक्षापेक्षा कमी लागलं असेल, म्हणजे बाई सदुसष्टची आणि आधार म्हणतो साठ, तर लाडकी बहीण अजून पाच वर्षं चालेल. तिथे घाई करण्यात काही हशील नाही. जन्मतारीख दुरुस्त करण्याच्या भानगडीतही पडू नका. आधारवर ती साधारण एकदाच बदलून मिळते आणि त्यासाठीही पुरावा लागतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईसाठी ग्रामीण रुग्णालयाचा किंवा सिव्हिलचा वयाचा दाखला आणि जुन्या मतदार यादीचा उतारा हेच दोन रस्ते. कुठलाही कागद जोडण्याआधी सगळ्या कागदांवरची सालं एका पानावर लिहून काढा. जो कागद आधारशी जुळतो तोच पुढे करा.

बदल करायचा ठरला तर क्रम असा ठेवा. लाडकी बहीण आधी सोडू नका. संजय गांधीचा अर्ज करा, मंजुरीचं पत्र हातात पडू द्या, आणि पहिला हप्ता जमा झाला की अंगणवाडीमार्फत किंवा महिला व बालविकास कार्यालयात लेखी कळवून लाडकी बहीण बंद करून घ्या. त्यापुढे एकाही महिन्यात दोन्हीकडून पैसे घेऊ नका, नंतर उत्तर देत बसावं लागतं.

अर्जाबरोबर लागतात ते कागद: आधार, रेशनकार्ड, २१,००० च्या आतला उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वयाचा पुरावा, पतीचा मृत्यू दाखला (परित्यक्ता असेल तर तसा दाखला), पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, दोन फोटो. मृत्यू दाखल्यावरचं नवऱ्याचं नाव आणि बाईच्या आधारवरचं मधलं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते पाहा. एकीकडे ‘बापू’ आणि दुसरीकडे ‘बापूसाहेब’ एवढ्यानेही त्रुटी निघते.

खात्याचं प्रकरण वेगळंच. पूर्वी पैसे जिल्हा बँकेत किंवा पोस्टात यायचे, ती सवय अजून आहे. डिसेंबर २०२४ पासून ते डीबीटीने, आधारला जोडलेल्या खात्यात येतात. पासबुक कुठलंही जोडा, पैसे जातात ते आधार शेवटचं ज्या खात्याला सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं, तिथे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणच्या घाईत कितीजणींनी नवी खाती उघडली आणि आधार तिकडे वळला, हे त्यांनाही आठवत नाही. म्हातारी जुनं पासबुक घेऊन बँकेत जाते, शिपाई सांगतो पैसे नाहीत, आणि घरी बोभाटा होतो की पेन्शन बंद पडली. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस पाहा, बँकेचं नाव तिथे दिसतं. त्यासाठी मोबाइल आधारला जोडलेला हवा. तो नसेल तर आधी तेच काम.

पासबुकात १,५०० ऐवजी १,३०० दिसले तरी घाबरू नका. श्रावणबाळमध्ये दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असणाऱ्यांना २०० रुपये केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतून येतात, ऐंशीनंतर ५००. उरलेले राज्य भरतं. यादीतल्या विधवेला चाळिशीनंतर ३०० केंद्राचे. दोन हिस्से वेगवेगळ्या दिवशी पडू शकतात. यादीत नाव नसलेल्यांना सगळी रक्कम राज्याकडूनच येते, म्हणून त्यांची जमा एकरकमी दिसते. हातात दोघींच्याही पंधराशेच.

मुख्यमंत्री वयोश्रीचे एकदाचे ३,००० या निवडीत धरू नका. ते पासष्टनंतर चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी आहेत, समाजकल्याण विभागाकडून मिळतात आणि बिल दाखवावं लागतं. पेन्शनच्या आड ते येत नाहीत. एसटीचंही तसंच; बायकांना अर्धं तिकीट आहेच, पंचाहत्तरीनंतर फुकट. उमदीहून जतला जाणाऱ्या बाईचे तिकिटाचे पैसे वाचतात, दिवस मात्र जातोच. तेव्हा सेतूत जाण्याआधी तलाठी त्या दिवशी कुठल्या गावात आहेत हे फोन करून विचारा.

मंजुरीनंतर एक काम दरवर्षी. १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात हयातीचा दाखला द्यावा लागतो. नेमक्या याच दिवसांत म्हातारी लेकीकडे पुण्या-मुंबईला गेलेली असते. जाण्याआधी, संक्रांतीच्या आसपास, तो उरकून टाका आणि पोच पासबुकातच घडी करून ठेवा.