शिबिर आधी की बैठक आधी?

पुरुषांचा स्वविकास-गट पाच-सहा स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो, तेव्हा सगळी ताकद कुठे लावायची हे ठरवावंच लागतं. वर्षातून एकदा दोन-तीन दिवसांचं निवासी दीक्षा-शिबिर घ्यायचं, की दर आठवड्याची दोन तासांची बैठक नेटाने चालू ठेवायची? इंदूरला रामबागेत आम्ही दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

शिबिराची ताकद खरी आहे. महेश्वरच्या घाटावर पहाटे अंधारात, फोन-घड्याळ जमा करून बसलेला पन्नाशीचा माणूस नर्मदेकडे बघत, वारलेल्या वडिलांबद्दल पहिल्यांदा बोलला. सुदामा नगरातल्या कुणाच्या बैठकीच्या खोलीत हे व्हायला वर्ष गेलं असतं. नवी माणसंही शिबिरामुळेच जोडली जातात.

पण आमच्या पहिल्या शिबिराला चौदा जण आले आणि महिन्याभरात तिघं उरले. त्यातल्या एकाने नंतरच्या बुधवारी रात्री फोन केला, "दादा, तिथे सगळं बोललो, आता घरी कुणाशी बोलू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये दीक्षेसारख्या संस्कारांचे तीन टप्पे मांडले: माणसांतून वेगळं होणं, मधला काळ आणि पुन्हा माणसांत येणं. आपल्याला हे नवं नाही. मुंजीत वेगळं होण्याचं मातृभोजन आहे तशी परत येण्याची सोडमुंजही आहे. आम्ही मातृभोजन थाटात केलं आणि सोडमुंज विसरलो. अमेरिकेतल्या मॅनकाइंड प्रोजेक्ट या पुरुषांच्या संस्थेची सुरुवात १९८०च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या अशाच शिबिरातून झाली, पण शिबिरानंतर नियमित भेटणारे छोटे गटही त्यांनी बांधले.

बैठकीला खर्च जवळजवळ नाही: सतरंजी, चहा आणि एक स्टीलचा पेला. पेला ज्याच्या हातात, तोच बोलतो. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, हा नियम आमच्या मंडळींना फार जड गेला. एक निवृत्त काका चार आठवडे पेला नुसता हातात फिरवून पुढे देत होते. पाचव्या आठवड्यात त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मुलगा माझ्याशी बोलत नाही." कुणीही उपाय सुचवला नाही. पुढच्या वेळी काका सगळ्यांच्या आधी हजर.

बैठकीचा दोष हळूहळू कळतो. दोन वर्षांनी तीच आठ माणसं, त्याच गोष्टी, आणि सगळं चालवणारा एकजण थकलेला. यावर उपाय सूत्रधार बदलण्याचा. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेत सेवेच्या जबाबदाऱ्या आळीपाळीने फिरतात आणि खर्च सभासदांच्याच वर्गणीतून निघतो. आम्ही दर सहा आठवड्यांनी सूत्रधार बदलतो. नवा माणूस अडखळतो, तरी बदलतोच.

शिबिराचा खरा खर्च पैशांत मोजता येत नाही. जागा, स्वयंपाकी, गाडी, प्रथमोपचार यांत तीन महिने जातात आणि नेमकी त्याच काळात बैठक आजारी पडते. शिवाय जबाबदारी मोठी. जागरण, उपास, भावनांचा उद्रेक यांतलं काय-काय होणार ते आधी सांगून संमती घ्यावी. कुणाची मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला नेऊ नये. आपण समुपदेशक नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असावा.

बैठकीला सहा माणसं नेमाने येत नसतील, तर माझं मत स्पष्ट आहे: यंदा शिबिर नको. माणसं नेमाने येतात पण बैठक साचलीय, असं असेल तर जरूर घ्या.

आम्ही दिवाळीनंतर शिबिरासाठी इंदूरजवळच्या चोरलला जातोय. या वेळी जागेचा ॲडव्हान्स देण्याआधी वहीत दोन रकाने आखले: कोण येणार, आणि परतल्यावर बुधवारी त्याला कोण फोन करणार. दुसऱ्या रकान्यात अजून दोन नावं भरायची आहेत, म्हणून ॲडव्हान्स थांबवलाय.