मधल्या भागावरून मालिका निवडायची असेल तर: 'द विकेड किंग' की 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी'?

प्रेम, जादू आणि साहस असलेली मालिका हाती घ्यायची की नाही, हे मी तिच्या मधल्या भागावरून ठरवते. पहिल्या भागाचा निम्मा वेळ नव्या जगाची ओळख करून देण्यात जातो आणि शेवटच्या भागाला लढाया आटपायच्या असतात. नायक-नायिकेला एकमेकांबरोबर राहायला सवड मिळते ती मध्येच. रुसवे, संशय, हळूहळू बसत जाणारा विश्वास, सगळं तिथेच घडतं. म्हणून मला प्रेमकथेचा खरा कस मधल्या पुस्तकात लागतो असं वाटतं.

होली ब्लॅक यांचं 'द विकेड किंग' (2019) आणि सारा जे. मास यांचं 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी' (2016) ही अशी दोन पुस्तकं. दोन्ही आपापल्या मूळ तीन भागांच्या कथेतली दुसरी, दोन्हींमध्ये माणसांच्या जगात जन्मलेली मुलगी परीलोकाच्या राजकारणात अडकलेली आणि दोन्ही तिच्याच तोंडून सांगितलेली. तरी वाचायला बसलं की दोन्ही पुस्तकांची चाल अगदी वेगळी. (पहिल्या भागांतल्या काही गोष्टी इथे उघड होतील, मधल्या भागांचे शेवट मात्र सांगणार नाही.)

'मिस्ट अँड फ्युरी' जाडजूड आहे, सहाशेहून जास्त पानांचं. त्याची नायिका फेरा पहिल्या भागात जिंकली खरी, पण त्यासाठी तिला जे करावं लागलं ते तिला रात्री झोपू देत नाही. तिला चित्रं काढवत नाहीत. ज्याच्यासाठी तिने जीव धोक्यात घातला तो टॅमलिन तिच्या काळजीपोटी तिला वाड्याबाहेर पडू देत नाही. पहिल्या भागातलं प्रेम खोटं नव्हतं, ते आता पुरत नाही, एवढंच. हे कबूल करायला लेखिकेने घाई केलेली नाही आणि तिथेच हे पुस्तक मला आवडायला लागलं.

मग परीलोकातल्याच दुसऱ्या दरबाराचा प्रमुख रीसँड याच्याशी झालेला जुना करार आड येतो: महिन्यातला एक आठवडा त्याच्याकडे. फेराला नीट वाचता येत नाही, तर तो तिला वाचायला शिकवतो आणि त्यासाठी स्वतःचीच स्तुती करणारी वाक्यं तिच्याकडून लिहून घेतो. ती चिडते. पण त्या चिडण्यात पहिल्या प्रकरणांतली सुन्न, गप्प फेरा उरलेली नसते. मोठमोठ्या युद्धप्रसंगांपेक्षा हे धड्याचे प्रसंग माझ्या जास्त लक्षात राहिले. वेलॅरिस हे शहर आलं की वाचणाऱ्यालाही मोकळा श्वास घेता येतो. अडचण एकच: मध्ये कथानक बराच वेळ रेंगाळतं. जादूच्या पुस्तकाचे दोन तुकडे शोधायची मोहीम सुरू असते, पण खरं लक्ष त्या दोघांकडे. तुम्हाला तेच हवं असेल तर ही अडचण उरतच नाही. शृंगाराची वर्णनं उघड आणि सविस्तर आहेत. घरातल्या लहान वाचकासाठी पुस्तक घेत असाल तर हे नको.

'द विकेड किंग' याच्या साधारण निम्म्या जाडीचं, किशोर वाचकांसाठी लिहिलेलं आणि जास्त धारदार. पहिल्या भागाच्या शेवटी नायिका ज्यूडने परीलोकाचा राजपुत्र कार्डन याच्याकडून एक वर्ष आणि एक दिवस तिची आज्ञा पाळायचं वचन मिळवलेलं असतं. पुस्तक उघडतं तेव्हा त्यातले पाच महिने सरलेत. राजा तो, हुकूम तिचा आणि मुदत रोज घटतेय.

या एका वचनामुळे सगळी प्रेमकथा अवघड होऊन बसते. तो जवळ येतो तेव्हा त्याच्या मनाचं किती आणि वचनाच्या धाकाचं किती, हे तिला कळायला मार्ग नाही. त्यात परीलोकातल्यांना खोटं बोलता येत नाही. माणसांना येतं. म्हणजे त्याचं प्रत्येक वाक्य खरंच असणार, पण त्याने काय सांगायचं टाळलं हे तिने ओळखायचं. मी काही संवाद तीन-तीनदा मागे जाऊन वाचले. शिवाय ज्यूड वर्तमानकाळात सांगते, त्यामुळे पुढच्या क्षणी काय होणार हे तिलाही ठाऊक नसल्यासारखं वाटतं. फेरा भूतकाळात सांगते, तिथे दुखणं जरा निवळून पोचतं.

मला विचाराल तर मधला भाग म्हणून रचना 'विकेड किंग'ची सरस. एक पान फुकट गेलेलं नाही. पण मन थकलेलं असताना मी पुन्हा काढते ते 'मिस्ट अँड फ्युरी', कारण त्यात कोणीतरी बरं होताना दिसतं. डावपेच, टोकदार संवाद आणि दोन-तीन बैठकींत संपणारं पुस्तक हवं असेल तर ब्लॅक. पंधरा दिवस एकाच जगात राहायचं असेल तर मास.

रिबेका यारोस यांचं 'आयर्न फ्लेम' (2023) हेही या जोडीत सुचवलं जातं. ती मालिका पाच भागांची ठरलेली आहे, त्यामुळे हा दुसरा भाग मधला ठरत नाही आणि पूर्ण मालिका हाताशी असावी असं वाटणाऱ्यांनी थांबलेलं बरं.

आता वाचण्याच्या तयारीबद्दल. 'विकेड किंग' सुरू करण्याआधी त्याचा पुढचा भाग 'द क्वीन ऑफ नथिंग' घरात आणून ठेवा. शेवट अशा जागी येतो की त्या रात्री दुसरं काही वाचवत नाही. आणि पहिला भाग 'द क्रुएल प्रिन्स' वाचून बरेच महिने झाले असतील तर त्यातला कार्डन ज्यूडला वचन देतो तो प्रसंग पुन्हा वाचा, वचनाचे नेमके शब्द लक्षात ठेवून. पुढे सगळं त्या शब्दांवरच चालतं.