दीपगृहाचं किट: लेन्स झकास, पुस्तिका कच्ची

नाताळच्या तोंडावर नवी पेठेतल्या एका शालेय साहित्याच्या दुकानात दीपगृहाचं हे किट दिसलं. किंमत १४५० रुपये. खोक्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा, खाली खवळलेला समुद्र आणि वर ढगांत प्रभू येशूचं चित्र. आत एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) कापलेले तुकडे, एक पांढरा एलईडी, चार प्लास्टिकच्या लेन्स, त्या बसवायची चौकोनी चौकट, ती फिरवणारी मोटर आणि एक बारीकशी मराठी पुस्तिका. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेसाठी (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी) घेतलं. माझा धंदा पॉवरलूमच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग पुन्हा भरण्याचा, त्यामुळे मी आधी मोटर उघडणार आणि मग वचन वाचणार. परीक्षणही त्याच क्रमाने आहे.

ही मोटर तुम्ही घरात पाहिलेली आहे. कूलरच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे हलवते किंवा मायक्रोवेव्हची काचेची थाळी फिरवते, तीच. वर ५/६ आरपीएम छापलंय. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे मिनिटाला पाच फेरे, एका फेऱ्याला १२ सेकंद. सिंक्रोनस मोटर असल्यामुळे तिचा वेग व्होल्टेजवर नाही, फ्रिक्वेन्सीवर बांधलेला असतो. आमच्या भागात संध्याकाळी लूम सुरू असताना व्होल्टेज कुठल्या कुठे जातं, पण हिचे १२ सेकंद हलत नाहीत. किट बनवणाऱ्याने हे विचार करून केलं की स्वस्त पडली म्हणून, देव जाणे. पण दीपगृहाला हेच लागतं. रात्री जहाजावरच्या माणसाला मनोरा दिसत नाही, त्याचे पट्टे दिसत नाहीत. त्याला दिसतात फक्त झोत, आणि दोन झोतांमधले सेकंद मोजूनच तो नकाशात बघतो की हे दीपगृह कुठलं. वेळ चुकली तर दिवा खोटं बोलला म्हणायचं.

एक गंमत सांगतो. असली मोटर बटण दाबल्यावर कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे, तिचं तिलाच माहीत. पोरांनी त्यावर पैजा लावल्या. शब्बाथशाळेत पैजा! मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता तक्रार. एलईडी सेलवर चालतो, ते ठीक. पण मोटर थेट २३० व्होल्टवर, आणि तिच्या टोकांना नुसती टेप गुंडाळलेली. खोक्यावर लिहिलंय ‘आठ वर्षांवरील मुलांसाठी’. आठ वर्षांच्या पोराच्या हातात उघडी टोकं? मी ती प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये बंद केली, केबलला क्लॅम्प मारला आणि मगच हॉलमध्ये नेलं. ज्याला हे जमत नसेल त्याने ओळखीच्या वायरमनकडून करून घ्यावं, नाहीतर चौकट हाताने फिरवावी. एमडीएफचे तुकडे मात्र नीट कापलेत, खाचेत खाच बसते. सोबतचा डिंक फेकून द्या आणि फेव्हिकॉल आणा.

खरी चीज म्हणजे लेन्स. बाजारातली बहुतेक खेळण्यातली दीपगृहं लग्नाच्या मांडवातल्या लायटिंगसारखी लुकलुकतात. इथे तसं नाही. एलईडी अखंड पेटलेला, आणि त्याच्याभोवती चार लेन्सची चौकट फिरते. प्रत्येक लेन्समधून एक झोत निघतो, तो तुमच्या डोळ्यांवरून गेला की तुम्हाला चमक दिसते. आम्ही हॉलमधले दिवे बंद केले, खिडक्यांना सोलापुरी चादरी लावल्या आणि फळ्याचा डस्टर आपटून खडूची धूळ उडवली. धुळीत चार झोत स्पष्ट दिसले, सायकलच्या आऱ्यांसारखे फिरताना. एक पोरगी भिंतीशी उभी राहून मोजत होती. ती म्हणाली, “सर, दिवा विझतच नाय की ओ. आपल्यालाच मधी मधी दिसतंय.” पुस्तिकेतल्या एका पानापेक्षा हे एक वाक्य मला जास्त पटलं.

चार लेन्स, १२ सेकंदांचा फेरा, म्हणजे दर तीन सेकंदांना एक झोत. मग आम्ही एका लेन्सला काळा कागद लावला. आता तीन झोत, मग मोठा अंधार, पुन्हा तीन झोत. खऱ्या दीपगृहांना असाच आपापला वेगळा ठेका दिलेला असतो, म्हणजे शेजारच्या दीपगृहाशी गल्लत होत नाही. पोरांनी तासभर वेगवेगळे कागद लावून पाहिले. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही. किटमधली सगळ्यात चांगली करामत कंपनीलाच ठाऊक नसावी.

लेन्सवर बोट फिरवलं तर गोल गोल खाचा लागतात. हा ओगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच इंजिनिअरचा शोध. उघडा दिवा चहूकडे उजेड सांडतो; निम्मा आकाशात, काही मनोऱ्याच्या पायथ्याशी. तो गोळा करून क्षितिजाकडे धाडायचा तर भलीमोठी जाड काच हवी, आणि ती इतकी जड की चढवायची कशी? फ्रेनेलने ओळखलं की उजेड वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर. आतली काच नुसतं वजन आहे. त्याने ती काढून टाकली आणि वळणदार पृष्ठभागाची तेवढी वर्तुळं एकापुढे एक मांडली. १८२३ साली अशी पहिली लेन्स फ्रान्समधल्या कॉर्दुआँ दीपगृहात बसली. पुढे मोठ्या लेन्स टनांत वजनाच्या झाल्या, तेव्हा त्या पाऱ्याने भरलेल्या कुंडात तरंगत ठेवू लागले. मग एवढं वजन बोटाने ढकललं तरी फिरायचं. बेअरिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही. (पारा विषारी, म्हणून आता ती पद्धत मागे पडली. किटमधल्या मोटारीचा आवाज ऐकून मला वाटतं, इथे दोन थेंब तेल तरी द्यायला हवं होतं.)

आणि त्या कॉर्दुआँच्या मनोऱ्यात चक्क चॅपल, म्हणजे लहान प्रार्थनागृह आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मनोरा पूर्ण झाला तेव्हापासून. खाली प्रार्थना, वर दिवा. ख्रिस्ती पुस्तिकेत पहिल्या पानावर हे हवं होतं की नको?

पुस्तिकेत काय आहे, तर पान चारवर लिहिलंय की दीपगृह जहाजांना ‘माझ्याकडे या’ असं बोलावतं, तसा प्रभू आपल्याला बोलावतो. इथे माझं आणि पुस्तिकेचं फाटलं. बरीचशी दीपगृहं खडकावर, नाहीतर खडकाळ टोकाला बांधलेली असतात. मुंबईत कुलाब्याच्या टोकापलीकडच्या खडकांवर १८७५ पासून प्राँग्स दीपगृह उभं आहे. त्याच्याकडे जो नाक करून सरळ येईल तो फुटेल. दिवा सांगतो, मी इथे आहे, म्हणजे खडक इथे आहे, तू आपली वाट बघ. तो जहाजाला ओढत नाही, त्याचं सुकाणू धरत नाही. नाखवा झोपला तर दिवा काही करू शकत नाही.

मी हे आमच्या पाळकसाहेबांना म्हटलं. ते म्हणाले, “अहो, मग मुलांना सांगायचं काय? प्रभू तर ‘या’च म्हणतो.” मी म्हटलं, “येऊ द्या की, पण खडक चुकवून.” त्यांना बंदरातले जोडदिवे समजावले. एक पुढे बुटका, एक मागे उंच. जहाजावरून दोन्ही एकावर एक दिसले की समजायचं आपण खोल पाण्याच्या वाटेत आहोत. एक जरी डावी-उजवीकडे सरकलेला दिसला तर आपण सरकलोय. ‘या’ म्हणणारे दिवे हे. पाळकसाहेबांनी वहीत आकृती काढून घेतली.

पुस्तिकेत पान सातवर ‘पवित्र शास्त्रातील दीपगृहे’ असं शीर्षक आहे. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, दीपगृह नाही. दिवा आहे, दिवठणी आहे, डोंगरावरचं नगर आहे, पण दीपगृह नाही. तरी प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ मध्ये त्याची उणीव जितकी टोचते तितकी कुठेच नाही. प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला चाललाय, तारवावर २७६ माणसं. बरेच दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. चौदाव्या रात्री खलाशांना जमिनीचा अंदाज येतो. पाणी मापतात तर वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), थोड्या वेळाने पंधरा. खडकाच्या भीतीने मागून चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडावा म्हणून प्रार्थना करतात. आणि ते तारू कुठलं? आलेक्सांद्रियाचं. म्हणजे त्या बंदराचं, जिथे ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात बांधलेलं, शंभर मीटरहून उंच फारोसचं दीपगृह तेव्हा उभं होतं. जगातला सगळ्यात नावाजलेला दिवा घरच्या बंदरात, आणि तारू फुटलं मेलिताच्या (आजच्या माल्टाच्या) अंधाऱ्या किनाऱ्यावर. हा धडा मी मुलांना नकाशा काढून सांगितला. आमच्यातल्या निम्म्यांचा समुद्र म्हणजे उजनी धरण, पण चार नांगरांची गोष्ट सगळ्यांना कळली.

गोष्टच हवी होती तर इंग्लंडच्या वाइट बेटावरची घ्यायची. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दारूचे पिंप घेऊन जाणारं जहाज फुटलं. किनाऱ्यावरच्या वॉल्टर द गोडटन नावाच्या जमीनदाराने त्यातली दारू घेतली. ती निघाली एका मठाची. चर्चने त्याला प्रायश्चित्त दिलं की टेकडीवर दीपगृह आणि लहान प्रार्थनागृह बांध, तिथे पाद्री ठेव, तो दिवाही लावेल आणि फुटलेल्या जहाजांवरच्या मृतांसाठी मिस्साही (प्रार्थनाविधी) करेल. १३२८ च्या सुमाराचा तो दगडी मनोरा अजून उभा आहे. चोरीची भरपाई म्हणून दिवा! पोरं दहा मिनिटं हालली नसती.

पुस्तिकेतलं ‘तुम्ही जगाचा प्रकाश आहात’ हे पान मात्र मी वापरलं, त्याला एक जोड देऊन. एलईडी बाहेर काढून मुलांच्या हातात दिला. चिमूटभर आहे. मग लेन्स दिली. तिच्यात स्वतःचा उजेड काडीचा नाही. योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी हेच म्हटलंय, तो प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष द्यायला आला होता. मुलांना विचारलं, तुम्हाला काय व्हायचंय, दिवा की काच? एकजण म्हणाला, मोटर. तोही माणूस लागतोच.

पाचपैकी साडेतीन. लेन्स आणि चौकटीला पूर्ण गुण. अर्धा गुण वायरिंगचा कापला, एक पुस्तिकेचा. घ्यायचं असेल तर दुकानातच खोकं उघडून चारही लेन्स बघा, आमच्या एकीला कडेला चरा होता. सुटी लेन्स मिळते का विचारलं, दुकानदार म्हणाले कंपनी देत नाही. बदलून मात्र त्यांनी लगेच दिली, बिल न बघता.