सोनारक्यूब की शेजारच्या टेबलावरची नजर?

कोड चालतो, पण हात लावायची भीती वाटते. असा कोड हुडकायला दोन वाटा: सोनारक्यूबसारखं, कोड आपोआप तपासणारं टूल, नाहीतर सहकाऱ्याकडून रिव्ह्यू, म्हणजे कोड वाचून शेरे.

टूलचा जोर मोजण्यावर. थॉमस मॅककेबने १९७६ साली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी मांडली: फंक्शनमधले स्वतंत्र मार्ग मोजायचे, प्रत्येक 'इफ', प्रत्येक लूप त्यात एकाची भर घालतो. वरची मर्यादा म्हणून त्याने १० सुचवले. हे मोजायला माणूस बसवणं म्हणजे वेळेची नासाडी. न वापरलेली व्हेरिएबल्स, कॉपी-पेस्ट केलेले तुकडे, तेही टूलकडेच सोपवावं. ते कंटाळत नाही.

पण आमच्याकडे एकदा 'स्टेटस == ३' वर टूलने तक्रार केली, आकडा असा उघडा का म्हणून. पठ्ठ्याने काय केलं? 'थ्री' नावाचा कॉन्स्टंट (न बदलणाऱ्या किमतीला दिलेलं नाव) बनवला, आत ३. टूल खूश! रिव्ह्यू करणारीने मात्र विचारलं, "अरे, ३ म्हणजे ऑर्डर रद्द ना? मग तसं लिही की." सवलतीचं एकच गणित तीन फायलींत तीन तऱ्हांनी लिहिलेलं, तेही तिनेच पकडलं. टूलला सारखी अक्षरं दिसतात, सारखा अर्थ नाही.

माणसाची खोट सगळ्यांना ठाऊक आहे: वीस ओळींवर दहा शेरे, हजार ओळींवर "ठीक दिसतंय". म्हणून मी टूल आधी चालवतो, तेही फक्त नव्या कोडवर. जुन्या इशाऱ्यांची लांबलचक यादी कुणी उघडतच नाही. आणि दुरुस्तीआधी टेस्ट हवी, कोड पहिल्यासारखाच चालतो का ते तपासणारी. ती नसेल तर दोघांचंही ऐकू नका.