मिसिंग शोधताना: कनेक्टर काढून पाहावं की डोंगल लावावं?

सिग्नलला उभी असलेली गाडी थरथरते, आरपीएमचा काटा ७०० च्या आसपास खालीवर होतो आणि रेस दिली की सगळं सुरळीत. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी असेल आणि प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल असेल, तर मिस मारणारा, म्हणजे ज्यात पेट्रोल नीट पेटत नाही तो, सिलिंडर हुडकायचे दोन रस्ते आहेत. एक मिस्त्रीचा: इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलचं कनेक्टर काढायचं, ज्याचं काढूनही आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. दुसरा: गाडीच्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथ डोंगल लावून ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, लिहिलेला दोषाचा कोड मोबाइलवर वाचायचा, मग इंजिन बंद करून कॉइल आणि प्लगची अदलाबदल करायची.

पहिला रस्ता फुकट आहे, पाच मिनिटांत उरकतो, आणि पूर्ण मेलेला सिलिंडर त्यातून सुटत नाही. अडतं ते अधूनमधून मिस मारणाऱ्या सिलिंडरपाशी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर कनेक्टर निघताच ईसीयू थ्रॉटल जरा उघडून आयडलिंग सावरतो. आरपीएम किती पडले हे कानाला कळेपर्यंत ते परत वर आलेले असतात. सरावलेला कान तेवढ्यातही ओळखतो, नाही असं नाही. शिवाय ठिणगी बंद असताना न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, म्हणून एका सिलिंडरला काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नये.

हेही चालवून घेता येईल. मला खटकतो तो नंतरचा घोळ. चालू इंजिनावर कॉइल सुटली की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू त्या कॉइलच्या सर्किटचा दोष लिहून ठेवतो, पी०३५१ ते पी०३५४. चारही कनेक्टर काढून पाहिले तर चार कोड. आता ही गाडी गॅरेजात नेली की स्क्रीनवर चार कॉइल नादुरुस्त दिसतात आणि अंदाजपत्रकही चार कॉइलचंच येतं. मूळ दोष पाचशे रुपयांच्या आतल्या प्लगचा असू शकतो. बरं, घरीच कोड पुसावेत तर त्यांच्यासोबत फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोषाच्या क्षणाची नोंद, हीही जाते. पहिला मिस झाला तेव्हा आरपीएम किती होते, कूलंट ३० अंशांवर होतं की ९० वर, इंजिनावर भार किती होता, हे सगळं त्यात असतं. सगळ्यात मोलाचा पुरावा आपणच पुसून बसतो.

डोंगल यात पडत नाही, तो फक्त वाचतो. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. एक नंबर बहुधा टायमिंग चेनच्या किंवा बेल्टच्या बाजूचा. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी 'पेंडिंग', म्हणजे अजून पक्का न झालेला, कोड बघा, कारण दिवा सहसा दुसऱ्या फेरीतही तोच दोष दिसल्यावर लागतो. आणि दिवा लुकलुकत असेल तर तपासण्या नंतर, गाडी आधी बाजूला घ्या. कन्व्हर्टर जळायच्या बेतात आहे असा त्याचा अर्थ.

कोड मिळाला म्हणून लगेच कॉइल विकत घेऊ नये. पी०३०२ 'कुठे' सांगतो, 'का' सांगत नाही. इंजिन थंड असताना दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. त्याच बैठकीत दोनचा प्लग चारमध्ये आणि चारचा दोनमध्ये. कोड पुसायचे ते आता, तेही फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून. मग गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल, पी०३०४ आला तर प्लग. पी०३०२ च राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. एका फेरीत तिन्ही शक्यता वेगळ्या होतात.

कॉइलचा बोल्ट १० नंबरच्या पान्याने निघतो. प्लग काढण्याआधी तो ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत हवा मारा, नाहीतर कचरा थेट सिलिंडरमध्ये. परत लावताना प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा. वॉशरचा नवा प्लग असेल तर पुढे अर्धा ते दोन-तृतीयांश वळसा, जुना असेल तर जेमतेम बारावा हिस्सा. विहिरीत ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरमधलं सील गेलंय. पावसाळ्यात पाणी सापडतं, आणि कॉइलच्या रबरी बूटवर बारीक काळी रेघ असेल तर ठिणगी तिथूनच बाहेर पळतेय.

सीएनजी किट असेल तर याहूनही आधी इंधन बदलून पाहा. फक्त पेट्रोलवर मिस मारत असेल तर पेट्रोल इंजेक्टरकडे बोट. फक्त सीएनजीवर असेल तर प्लग, कॉइल किंवा गॅसचा इंजेक्टर: सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर उघडा पडतो.

डोंगलच्या विरोधातही सांगायला हवं. स्वस्त नकला, विशेषतः आवृत्ती २.१ छापलेल्या, सिलिंडरवार मिसचे आकडे अनेकदा दाखवतच नाहीत, आणि गाडी थरथरत असतानाही अ‍ॅप शून्य दाखवतं. आयफोनला साधं ब्लूटूथ मॉडेल चालत नाही. फ्युएल ट्रिमचाही, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्या आकड्याचाही, आंधळा भरवसा नको. आयडलिंगला ट्रिम अधिक १५ आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, म्हणजे व्हॅक्युम लीक (थ्रॉटलला वगळून बाहेरची हवा आत शिरणं), हा नियम हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरच्या गाडीचा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे लीकमधून आलेली हवाही हिशेबात धरली जाते, ट्रिम ठीक दिसतो आणि आयडलिंगच चढलेलं राहतं.

आणि एचटी वायरच्या, म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंत जाड वायर जाणाऱ्या, जुन्या गाडीत मी अजूनही मिस्त्रीच्याच बाजूने आहे. तिथे एक कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देत असेल तर कॉइलच्या अदलाबदलीने जोडीच्या जोडी हलते, नेमका सिलिंडर हाती लागत नाही. वायर मात्र इंजिन बंद करून काढावी, तिच्या टोकाला जादा प्लग लावून त्याची धातूची बाजू इंजिनाला पक्की बांधावी, मगच स्टार्टर मारावा. मोकळी लटकणारी वायर कॉइल तरी जाळते, नाहीतर हात तरी.