गोतावळा, बनगरवाडी, टारफुला की रिंगाण? गावाकडचं पहिलं पुस्तक कुठलं घ्यायचं

गावाकडचं काहीतरी भारी सांगा, पण एकच सांगा, असं कुणी विचारलं की आमच्या कोल्हापुरात बहुतेक जण डोळे झाकून 'झोंबी' म्हणून मोकळे होतात. आनंद यादव कागलचे, कागल इथनं वीसेक किलोमीटर, म्हणजे घरचंच माणूस. पुस्तक मोठंच आहे, साहित्य अकादमी मिळालंय त्याला १९९० साली, पण मला विचाराल तर त्यात गावापेक्षा शाळा जास्त आहे. शिकू न देणारा बाप आणि शिकायचंच म्हणून हट्टाला पेटलेलं पोरगं. मळा, पाणी, जनावरं सगळं येतं, पण पोराला त्या सगळ्यातनं सुटायचंय, आणि आपणही वाचताना त्याच्याच बाजूनं असतो की हे कधी एकदा सुटतंय. त्यामुळे ज्याला जमीन, पाऊसपाणी, जनावरं आणि त्यावर जगणारी माणसंच वाचायचीत त्यानं झोंबी नंतर घ्यावं, आधी या चारातलं एक.

आता ही चारही 'ग्रामीण' म्हणून एकाच कप्प्यात लावलेली असतात, पण वाचायला लागलात की काही म्हणता काही सारखं लागत नाही. माझ्या मते फरक मुख्य एवढाच की गाव आपल्याला दाखवतंय कोण आणि तो गावापासनं किती लांब उभा आहे. ते एकदा कळलं की आपल्याला कुठलं झेपेल हे ठरवणं सोपं जातं.

'बनगरवाडी'त दाखवणारा बाहेरचा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं १९५५ चं पुस्तक, राजाराम नावाचा तरणा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळेवर जातो, आणि शाळेत पोरंच नाहीत कारण पोरं मेंढरांमागं. मग मास्तरचं अर्धं काम शिकवणं आणि अर्धं काम वाडीचा विश्वास मिळवणं, कुणाचं भांडण मिटवायचं, कुणाला चार गोष्टी समजावायच्या, म्हातारा कारभारी खूश आहे का फुगलाय ते बघायचं. पुढं वाडीसाठी तालीम बांधायचं डोक्यात घेतो. म्हटलं तर घडत काही नाही, म्हटलं तर एवढ्याशा पुस्तकात अख्खी वाडी उभी राहते. माडगूळकर चित्रंही काढायचे आणि ते कळतं, दोन ओळीत माळ, एक माणूस, बास, पुढं चला.

भाषेचा त्रास नाही हा याचा मोठा फायदा, सांगणं सगळं साध्या मराठीत आणि माणसं बोलतात तेवढी त्यांच्या बोलीत. जे कधी खेड्यात राहिलेलेच नाहीत, पुण्या-मुंबईत वाढलेत, किंवा घरात नववी-दहावीतलं पोरगं आहे, त्यांनी सरळ हेच घ्यावं. मास्तरलाही काही माहीत नसतं, आपल्यालाही नसतं, दोघं बरोबरच शिकत जातो. अमोल पालेकरांचा १९९५ चा सिनेमा पण आहे, पण आधी पुस्तक वाचा.

एक गोष्ट मात्र आमच्याकडच्या वाचकांसाठी सांगायला पाहिजे. आपल्याला गाव म्हटलं की ऊस, गुऱ्हाळ आणि वर्षभर हिरवं दिसतं. माणदेश काही परदेशात नाही, सांगलीच्या पुढं आटपाडीकडं गेलं की लागतोच, पण पाऊस तिथं पोचेपर्यंत संपलेला असतो. पश्चिमेला गगनबावड्यात चार महिने कपडे वाळत नाहीत आणि तिकडं मेंढरांना पाणी कुठनं आणायचं हा प्रश्न. बनगरवाडीचा शेवट त्या कोरड्या आभाळानंच ठरवलाय, कुणी खलनायक लागत नाही. तक्रार म्हणाल तर एकच, मास्तर शेवटपर्यंत थोडा पाहुणाच राहतो. सभ्य माणूस आहे, सगळ्यांकडं मायेनं बघतो, पण बघतो.

'गोतावळा' बरोबर उलटं. हे पण आनंद यादवांचंच, १९७१ चं, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं. इथं सांगणारा नारबा, दुसऱ्याच्या मळ्यावर राबणारा गडी. ना आईबाप, ना बायको, त्याचा गोतावळा म्हणजे मळ्यातली जनावरं. आणि मालक ट्रॅक्टर आणायचं ठरवतो. गोष्ट एवढीच. पण संवादच काय, अख्खं पुस्तक नारबाच्या तोंडच्या बोलीत आहे, लेखक मधे येऊन काही समजावून सांगत नाही, हा बैल कसा तो रेडा कसा हे नारबा जसं मनात बोलेल तसंच कागदावर. त्यामुळे यंत्र आलं आणि शेती बदलली हे कुणी भाषणात सांगितल्यासारखं येत नाही, एकेक दावं रिकामं होत जातं आणि आपल्याला नारबाच्याही आधी कळतं की पुढचा नंबर कुणाचा.

आज हे वाचायला वेगळंच वाटतं. आता सीझनला रस्त्यानं निघालं की उसाच्या डबल ट्रॉल्या, वर टेप लावलेला, मागं गाड्यांची रांग, आणि बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, कित्येक घरांत पूजेला मातीचे बैल विकत आणावे लागतात कारण दावणीला बैल आहेतच कुठं. बाजारात ते मातीचे बैल टोपलीत भरून ठेवलेले असतात, शिंगं रंगवलेली, पोरं हट्ट करून मोठाच घ्या म्हणतात. नारबानं जे होताना बघितलं ते आपल्याकडं होऊन जुनं पण झालं. ट्रॅक्टर वाईट असं मी म्हणत नाही, नांगरामागं चालून ज्यांची कंबर गेली त्यांना विचारा, आणि पुस्तकही तसं म्हणत नाही. मालकाचा हिशोब चुकीचा नाही आणि नारबाचं दुःख पण खोटं नाही, दोन्ही एकाच मळ्यात, म्हणून ते टोचतं.

अडचण भाषेचीच. कोल्हापूर, सांगली, निपाणी या पट्ट्यातल्या माणसाला काही नाही, उलट घरातलं कुणी बोलतंय असं वाटतं. पण नागपूरकडचा किंवा पुण्यातल्या पेठेतला वाचक पहिल्या वीस पानांत अडखळणार हे धरून चाला. त्याला एकच उपाय, मोठ्यानं वाचायचं. डोळ्यांना जे परकं दिसतं ते कानाला लगेच ओळखीचं वाटतं. तरी नाही जमलं तर ठेवा बाजूला, आधी बनगरवाडी करून या, काही बिघडत नाही.

शंकर पाटलांचं 'टारफुला' (१९६४) ज्यांना निसर्गापेक्षा राजकारण आवडतं त्यांच्यासाठी. गावावर ज्याचा वचक होता तो पाटील जातो आणि मग त्या रिकाम्या जागेत कोण कसं घुसतंय, कोण कुणाला धरून आहे, भीती गेली की माणसं काय करतात. इथं एक असा हिरो नाही, गावच हिरो, त्यामुळे सुरुवातीला नावं लक्षात ठेवायला लागतात, जरा नेट लावायला लागतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ज्यांनी एकदा तरी पॅनेलचं काम केलंय त्यांना हे पुस्तक हातातनं खाली ठेववणार नाही. बाकीच्यांनी शंकर पाटलांच्या कथांपासून सुरू करावं, 'वळीव' किंवा 'धिंड' घ्या. मिरासदार आणि माडगूळकरांबरोबर ते कथाकथन करायचे, त्यांची रेकॉर्डिंग नेटवर सापडतात, ती ऐकलीत की बोलीची निम्मी भीती तिथंच जाते. आणि शंकर पाटील आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे. दसरा झाला की तिथं विठ्ठल-बिरदेवाची यात्रा असते, महाराष्ट्र-कर्नाटकातले धनगर येतात आणि भंडारा एवढा उधळतात की माणसं, रस्ता, देऊळ सगळं पिवळं. बनगरवाडी वाचून ज्यांना धनगर समाजाबद्दल अजून बघावंसं वाटेल त्यांनी ती यात्रा एकदा बघाच, कपडे मात्र जुने घाला.

चौथं 'रिंगाण', कृष्णात खोतांचं, ते पन्हाळ्याकडचे, २०२३ चा साहित्य अकादमी याला. धरणात गाव गेलंय, माणसं दुसरीकडं नेऊन वसवलीत आणि देवाप्पा जुन्या गावाकडं परत जातो, मागं राहिलेली म्हैस आणायला. पण मागं राहिलेली जनावरं आता पाळीव राहिलेली नाहीत, रान त्यांचं झालंय. गोतावळा आणि रिंगाण लागोपाठ वाचायला मजा इथंच आहे. तिकडं जनावरं माणसाला सोडून जातात, म्हणजे त्यांना नेलंच जातं, आणि इकडं माणसंच जनावरांना टाकून गेलीत, आता कुठल्या तोंडानं हाक मारायची? मधे जवळपास पन्नास वर्षं गेली आणि प्रश्न पार उलटा झाला.

आपल्या भागाला हा विषय लांबचा नाही. काळम्मावाडीचं धरण असो, चांदोलीचं असो, पाणी अडलं म्हणून खालचा ऊस उभा आहे आणि वरची गावं उठली, हे दोन्ही खरं आहे, आणि उसाच्या पट्ट्यात बसून रिंगाण वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं. होऊ दे. चारात सगळ्यात अवघड पण हेच, गोष्ट सरळ पुढं जात नाही, देवाप्पाच्या मनात आधीचं, आत्ताचं सगळं एकात एक मिसळत राहतं, बसमध्ये दहा मिनिटं, जेवताना दहा मिनिटं असं वाचून चालत नाही. ज्यांना प्लॉट पाहिजे ते वैतागतील. ज्यांना रान, ओल, जनावराचा वास पाहिजे त्यांना यापेक्षा चांगलं क्वचित मिळेल.

मग घ्यायचं कुठलं? नवीन वाचक, शहरातला, पोरंटोरं असतील तर बनगरवाडी, यावर मी वादच घालणार नाही. बोली येते, गाव सुटून वर्षं झालीत, आईवडील अजून गावाकडं आहेत, असं असेल तर गोतावळा, आणि शक्यतो विकतच घ्या कारण परत काढाल. रिंगाण मात्र आधी लायब्ररीतनं आणून पंचवीस-तीस पानं बघा, पटलं तर घ्या. कोल्हापुरात असाल तर करवीर नगर वाचन मंदिर आहेच, १८५० पासूनची संस्था, अशी पुस्तकं बघायला आधी तिथं जावं. टारफुला कुणाला भेट द्यायचं असेल तर गावातल्या पुढाऱ्याला द्या, वाचलं तर चर्चा रंगेल.

एक मात्र बोलायलाच पाहिजे, या चारही पुस्तकांत बाई कडेला आहे. बनगरवाडीतली अंजी लक्षात राहते पण ती मास्तरच्या डोळ्यांनी, नारबाच्या जगात तर बाईला जागाच थोडी. तुम्हाला ते खटकत असेल, आणि आजच्या कितीतरी वाचकांना खटकतं, तर राजन गवस यांचं 'चौंडकं' बघा, १९८५ चं, गडहिंग्लजकडचे लेखक, यल्लम्माला सोडलेल्या, म्हणजे देवदासी केलेल्या मुलीची गोष्ट. माळ-शेत-पाऊस यात कमी, देवाच्या नावानं गाव एका पोरीचं काय करतं ते जास्त. हे यादीत पहिलं टाकायचं का शेवटी ते तुमच्या तब्येतीवर, पण झोपताना वाचायला घेऊ नका आणि रिंगाणला जोडून तर नकोच, मधे शंकर पाटलांची एखादी हसवणारी गोष्ट वाचा.